टीएसएच वाढलाय म्हणे! थायरॉईडचा रिपोर्ट वाचायचा कसा आणि गोळी सुरू झाल्यावर पुढे काय

थायरॉईडचा रिपोर्ट हातात आला की डोळे आधी जातात त्या जाड टायपातल्या आकड्याकडे. टीएसएच, पुढे काहीतरी आकडा, शेजारी वर जाणारा बाण. झालं, पुढचे दोन दिवस माणूस मोबाईल घेऊन शोधत बसतो की आता गोळी आयुष्यभर का, वजन वाढतच जाणार का, केस सगळे जाणार का, मूल होईल ना, एक ना दोन. आणि खरं सांगायचं तर थायरॉईड कमी काम करणं हा त्या मानाने सरळ आजार आहे, तपासणी रक्ताची, औषध जुनं आणि खात्रीचं, गडबड होते ती बहुतेक वेळा घाईमुळे. एकाच रिपोर्टवरून गोळी सुरू करायची घाई, आठ दिवसात फरक दिसायची घाई, आणि सगळ्यात वाईट म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आला रे आला की गोळी बंद करायची घाई. थायरॉईडचा कारभार आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या हिशोबाने चालतो, तेवढं डोक्यात ठेवून खालचं वाचा म्हणजे डॉक्टर जे सांगतात त्यातलं निम्मं आपोआप कळेल.

आधी ग्रंथीचं काम थोडक्यात. गळ्यात पुढे, कंठाच्या जरा खाली, श्वासनलिकेला चिकटून ही ग्रंथी असते आणि ती मुख्यतः टी४ नावाचं हार्मोन बनवते, थोडंसं टी३ पण बनवते. टी४ मधे आयोडीनचे चार अणू असतात, शरीरातल्या पेशी त्यातला एक काढून टाकतात की त्याचं टी३ होतं, आणि प्रत्यक्ष काम करतं ते टी३. म्हणजे टी४ हा साठा, टी३ हा वापर. हृदय किती वेगाने चालायचं, आतडी किती हलायची, अंगात ऊब किती राहायची, त्वचा केस किती पटापट नवे व्हायचे, सगळीकडे याचा हात आहे, म्हणून हे कमी पडलं की तक्रारी पण सगळीकडून येतात आणि त्यातली एकही अशी नसते की बघताक्षणी म्हणावं हा थायरॉईडच.

आता टीएसएच. हे थायरॉईडचं हार्मोनच नाही, इथेच लोकांचा पहिला गोंधळ होतो. ते येतं मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून. पिट्युटरी म्हणजे मुकादम समजा आणि थायरॉईड म्हणजे कामगार, काम वेळेवर होत असेल तर मुकादम हळू आवाजात बोलतो, काम कमी पडायला लागलं की ओरडायला लागतो, आणि टीएसएच म्हणजे त्याच्या आवाजाची पट्टी. त्यामुळे टीएसएच वाढला याचा अर्थ थायरॉईड वाढला असा नाही, बरोब्बर उलटा आहे, थायरॉईड ढिला पडलाय म्हणून वरून ओरडा चालू आहे. आणि हा मुकादम फार तिखट आहे बरं का. टी४ जरासा घसरला तरी टीएसएच भरपूर उडी मारतो, टी४ निम्म्यावर आला तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही, शंभर पटीच्या घरात जाऊ शकतो. म्हणूनच डॉक्टर पहिली तपासणी टीएसएचचीच करतात, कारण टी४ अजून नॉर्मल पट्ट्यात असतानाच टीएसएच बोंब मारायला लागलेला असतो. आणि याच कारणाने टीएसएच ७ बघून घाबरायचं कारण नसतं, तो आकडा दिसतो मोठा पण मागे टी४ अगदी थोडा हललेला असतो.

रिपोर्टवर साधारण तीन ओळी असतात, टी३, टी४ आणि टीएसएच. बऱ्याच पॅकेजमधे हे टी३ टी४ टोटल असतात, म्हणजे रक्तातल्या प्रोटीनला चिकटलेलं आणि मोकळं असं सगळं मिळून. टी४ चा जवळजवळ सगळा भाग प्रोटीनला चिकटलेला असतो आणि मोकळा असतो तो एक टक्क्याहूनही खूप कमी, पण पेशींना उपयोगी पडतो तो मोकळाच. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ते प्रोटीन वाढतं आणि टोटल टी४ उगाच वाढलेला दिसतो, थायरॉईडला काही झालेलं नसताना. म्हणून टीएसएचच्या जोडीला बघायचा तो फ्री टी४. टी३ चं तर काय सांगू, थायरॉईड कमी असण्याच्या निदानात टी३ चा उपयोग फारसा नाहीच, कारण शरीर शेवटपर्यंत टी३ सांभाळून ठेवायची धडपड करतं, चांगला आजार असलेल्या माणसाचा पण टी३ नॉर्मल येऊ शकतो. तेव्हा 'टी३ नॉर्मल आहे म्हणजे काही नाही' असं कोणी म्हटलं तर ते सोडून द्या.

युनिटचं पण एक आहे. टीएसएच कुठे मायक्रो युनिट प्रति मिलिलिटर असा लिहितात कुठे मिली युनिट प्रति लिटर, दोन्हीत आकडा तोच राहतो, गणित करायची गरज नाही. फ्री टी४ चं मात्र तसं नाही, एका लॅबमधे तो १.१ दिसेल (नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर) आणि दुसऱ्या लॅबमधे १४ (पिकोमोल प्रति लिटर), आणि दोन्ही जवळपास सारखेच आहेत. लोकं दोन रिपोर्ट शेजारी ठेवून 'अहो टी४ चौदा झाला' म्हणून हादरतात, आधी युनिट बघा.

नॉर्मल रेंज म्हणजे काय हे पण जरा बघू. टीएसएचची रेंज साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ अशी असते, लॅब आणि मशीनप्रमाणे थोडी इकडे तिकडे. ही रेंज काढतात कशी, तर निरोगी लोकांचे आकडे घ्यायचे, मधले ९५ टक्के ठेवायचे, दोन्ही टोकाचे अडीच अडीच टक्के बाहेर. याचा अर्थ धडधाकट माणसांमधेही काही जण रेंजच्या बाहेर असणारच, रेंज बनवायची पद्धतच तशी आहे. त्यातून वय वाढलं की टीएसएच आपोआप जरा वर सरकतो, सत्तरी ऐंशीतल्या माणसाचा ५ किंवा ६ हा पंचविशीतल्या माणसाच्या ५-६ सारखा वाचायचा नसतो, पण रिपोर्टवर मात्र दोघांसाठी छापलेली रेंज बहुतेक वेळा एकच असते आणि दोघांच्याही पुढे तोच बाण.

शिवाय टीएसएच दिवसभर एका जागी बसत नाही. रात्री उशिरा ते पहाटे तो जास्त असतो, दुपारनंतर उतरतो, खाल्ल्यावर पण थोडा कमी दिसू शकतो. म्हणजे सकाळी लवकर दिलेलं रक्त आणि चार वाजता दिलेलं रक्त यात आकडा वेगळा येणं साहजिक आहे, म्हणून दोन रिपोर्टची तुलना करायची तर एकच लॅब आणि साधारण एकच वेळ ठेवा. नुकताच मोठा ताप, न्यूमोनिया, ऑपरेशन, हॉस्पिटलमधे भरती असं काही होऊन गेलं असेल तर बरं होताना टीएसएच काही काळ चढतो आणि मग स्वतःच खाली येतो, अशा वेळी केलेली थायरॉईडची तपासणी फसवी असते, तातडीचं कारण नसेल तर करूच नये. मनाच्या आजारासाठी देतात ते लिथियम आणि हृदयाच्या ठोक्यांसाठी देतात ते अमिओडॅरोन, ही दोन औषधं थायरॉईडला खरोखरच ढिला पाडू शकतात, त्यातलं काही चालू असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा.

आणि एक गोष्ट जी फार कमी लोकांना माहीत असते, ती म्हणजे बायोटीन. केस आणि नखांसाठी म्हणून ज्या गोळ्या मिळतात त्यात हे बायोटीन भरपूर असतं, आणि बऱ्याच लॅबच्या मशीनमधे रक्तातलं हार्मोन पकडण्यासाठी जी केमिस्ट्री वापरतात त्यात बायोटीनच असतं. बाहेरून आलेलं बायोटीन त्यात लुडबुड करतं आणि टीएसएच खोटा कमी, टी४ खोटा जास्त दाखवतं. आता गंमत बघा, थायरॉईड कमी झाला की केस गळतात, केस गळतात म्हणून बाई बायोटीन घेते, आणि बायोटीन घेतलं म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतो. रक्त द्यायच्या आधी किमान दोन दिवस ते बंद ठेवायचं, डोस मोठा असेल तर आणखी आधीपासून, आणि लॅबवाल्याला सांगायचं.

आता प्रत्यक्ष रिपोर्ट वाचून बघू. समजा टीएसएच ४८ आणि फ्री टी४ ०.४, रेंज ०.८ ते १.८. इथे वाद नाही, मुकादम घसा फोडून ओरडतोय आणि काम तरीही होत नाहीये, हा उघड हायपोथायरॉइडिझम, याला गोळी लागणार, लक्षणं असोत नसोत. दुसरा रिपोर्ट, टीएसएच ६.८ आणि फ्री टी४ १.१. ओरडा थोडा वाढलाय पण काम पूर्ण होतंय, याला सबक्लिनिकल म्हणतात, आणि घरोघर जी चर्चा चालते ती याच रिपोर्टवरून. तिसरा प्रकार क्वचित दिसतो पण माहीत हवा, फ्री टी४ ०.५ म्हणजे चांगलाच कमी, आणि टीएसएच मात्र २.१, अगदी नॉर्मल. फक्त टीएसएच बघणारा माणूस याला 'सगळं छान' म्हणून घरी पाठवेल, पण विचार करा, टी४ इतका कमी असताना मुकादम गप्प कसा? म्हणजे मुकादमच आजारी आहे, दोष पिट्युटरीत असू शकतो आणि त्याचा तपास पूर्ण वेगळा. खूप थकवा, पाळी बंद होणं, सतत डोकेदुखी, नजर कडेने कमी होणं असं काही असेल तर नुसत्या टीएसएचवर समाधान मानू नये ते यासाठी.

वाढलेला टीएसएच दिसला की डॉक्टर पुढे बहुतेक वेळा अँटी टीपीओ नावाची टेस्ट सांगतात. ही अँटीबॉडीची टेस्ट आहे. आपलीच रोगप्रतिकारशक्ती थायरॉईडच्या मागे लागते आणि हळूहळू ग्रंथी निकामी करत नेते, याला हाशिमोटो आजार म्हणतात, हकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरने १९१२ साली त्याचं वर्णन केलं म्हणून ते नाव. आयोडीन पुरेसं मिळणाऱ्या भागात थायरॉईड कमी पडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, आणि बायकांमधे पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर एवढंच कळतं की कारण काय आहे आणि पुढे आजार वाढायची शक्यता किती. टीएसएच थोडा वाढलेला आणि अँटीबॉडी पॉझिटिव्ह अशा बायकांमधे वर्षाला साधारण शंभरात चार या गतीने पूर्ण आजार होतो असा जुना अभ्यास आहे, म्हणजे उलटून बघितलं तर त्या वर्षी शहाण्णव जणींना होत नाही. अँटीबॉडीचा आकडा १३०० आहे का ३०० आहे याला उपचारात काही किंमत नाही, गोळीचा डोस त्यावरून ठरत नाही, आणि तो आकडा खाली आणायचा म्हणून परत परत टेस्ट करत बसणं म्हणजे निव्वळ पैसे घालवणं. सोनोग्राफीचं पण तसंच, गळ्याला गाठ किंवा सूज लागत असेल तर जरूर करा, नुसता टीएसएच वाढला म्हणून सगळ्यांना लागत नाही.

मग सबक्लिनिकलमधे करायचं काय? माझं मत विचाराल तर सगळ्यात आधी थांबायचं. टी४ नॉर्मल असेल आणि टीएसएच १० च्या खाली असेल, आणि गरोदरपण वगैरे काही नसेल, तर दोन तीन महिन्यांनी तीच टेस्ट परत करायची, औषध न घेता. बऱ्याच जणांचा आकडा त्या दुसऱ्या वेळी रेंजमधे येऊन बसलेला असतो. परत वाढलेलाच आला तर मग डॉक्टर वय, लक्षणं, अँटीबॉडी, कोलेस्टेरॉल, हृदयाचं काही आहे का, मूल हवंय का हे सगळं बघून ठरवतात. टीएसएच १० च्या वर टिकून राहिला तर तरुण आणि मध्यमवयीन माणसाला साधारणपणे गोळी देतात. वयस्कर लोकांबद्दल मात्र हात राखून, कारण २०१७ मधे पासष्टीच्या पुढच्या सातशेहून जास्त लोकांवर केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, टीएसएच थोडासाच वाढलेल्या त्या लोकांपैकी निम्म्यांना खरी गोळी निम्म्यांना खोटी, आणि वर्षाअखेर थकव्यात किंवा इतर लक्षणांत दोन गटांत फरक काही निघाला नाही. तेव्हा आजीचा टीएसएच ६ आलाय आणि आजी थकते, याचा अर्थ आजी टीएसएचमुळेच थकते असं नाही.

लक्षणांची यादी तर सगळ्यांना पाठ असते, थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणं, पाळीला जास्त रक्त जाणं, चेहरा सुजल्यासारखा, आवाज घोगरा, विसरभोळेपणा. त्रास असा की ही यादी अपुऱ्या झोपेला, हिमोग्लोबिन कमी असण्याला, बी१२ ला, डिप्रेशनला, सगळ्यालाच लागू पडते. त्यामुळे लक्षणावरून थायरॉईड ओळखायला जाऊ नये आणि रिपोर्टशिवाय कोणाची गोळी मागून तर अजिबात खाऊ नये. उलट बाजूने मात्र एक उपयोगी गोष्ट, थायरॉईड कमी असला की बाकीचे रिपोर्ट पण बिघडतात. एलडीएल कोलेस्टेरॉल वाढतं, हिमोग्लोबिन कमी येऊ शकतं, सोडियम उतरू शकतं, स्नायूंमधलं सीपीके नावाचं एन्झाइम रक्तात वाढतं, दूध येण्याशी संबंधित प्रोलॅक्टिन हार्मोन पण वाढू शकतं. एखाद्याचं कोलेस्टेरॉल अचानक बरंच वाढलेलं दिसलं तर कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करायच्या आधी टीएसएच बघतात ते याचसाठी, थायरॉईड ठीक झाला की ते बरंचसं आपोआप उतरतं.

आता उपचार. गोळीचं नाव लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे टी४ च, आपलं शरीर बनवतं तोच रेणू, फक्त बाहेर तयार केलेला. याचा इतिहास मला फार आवडतो म्हणून दोन ओळी. १८९१ साली इंग्लंडमधे न्यूकॅसलला जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका आजारी बाईला टोचायला सुरुवात केली, त्याआधी या आजाराला इलाजच नव्हता, आणि ती बाई त्यानंतर अठ्ठावीस वर्षं जगली. १९१४ मधे अमेरिकेत एडवर्ड केंडॉलने थायरॉक्सिन वेगळं काढलं, १९२० च्या दशकात ते प्रयोगशाळेत बनवता आलं. म्हणजे 'हार्मोनची गोळी आहे बाबा, किती साईड इफेक्ट असतील' ही जी भीती असते ती योग्य डोसला लागू पडत नाही, जे कमी आहे तेवढंच भरून काढायचं असतं. साईड इफेक्ट म्हणून जे काही सांगतात ते जवळपास सगळे डोस जास्त झाल्याचे परिणाम असतात.

आणि डोस किती बारीक असतो बघा. गोळीवर लिहिलेलं असतं २५, ५०, ७५, १००, ते मायक्रोग्रॅम आहेत, मिलिग्रॅम नव्हेत. शंभरची गोळी म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग, बाकी सगळी गोळी म्हणजे नुसता भराव. काही ठिकाणी तीच गोळी ०.१ मिलिग्रॅम अशी लिहितात, ती पण शंभरचीच. इतका कमी डोस असल्यामुळे १२ चा फरक पण टीएसएचवर दिसतो, म्हणून अर्धी पाव गोळी अंदाजाने तोडून घेणं टाळा. ग्रंथी पूर्ण बंद पडलेल्या तरुण निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला शंभरच्या आसपास. पण सगळ्यांना पहिल्या दिवसापासून एवढी देत नाहीत. टीएसएच थोडाच वाढला असेल तर २५ किंवा ५० पुरते. वय जास्त असेल किंवा हृदयाचा आजार असेल तर १२.५ किंवा २५ ने सुरू करून हळूहळू चढवतात, कारण महिनोन् महिने सावकाश चालायची सवय लागलेल्या हृदयाला एकदम पळवलं तर छातीत दुखू शकतं, ठोके अनियमित होऊ शकतात. आणि एक दुर्मिळ पण महत्त्वाची गोष्ट, चक्कर, बीपी कमी, वजन उतरत चाललंय, त्वचा काळवंडतेय असं बरोबर असेल तर डॉक्टर आधी कॉर्टिसोल, म्हणजे मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचं हार्मोन, तपासतात, कारण अ‍ॅड्रिनल ग्रंथी पण कमी पडत असेल आणि आधी थायरॉईडची गोळी सुरू केली तर माणूस गंभीर होऊ शकतो.

गोळी घ्यायची कशी, हा भाग डॉक्टर अर्ध्या मिनिटात सांगतात पण निम्मे रिपोर्ट इथेच बिघडतात असं माझं मत आहे. सकाळी उठल्यावर अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा तास ते तास काही नाही. काही नाही म्हणजे चहा कॉफी पण नाही, दूध तर नाहीच. कॅल्शियम, लोह, अँटासिड आणि त्या असलेल्या मल्टीव्हिटॅमिनच्या गोळ्या यात आणि थायरॉईडच्या गोळीत किमान चार तास हवेत, कारण त्या पोटातच तिला धरून ठेवतात आणि ती रक्तात पोचतच नाही. गरोदर बायकांना लोह कॅल्शियम दोन्ही चालू असतं, त्यांनी तर वेळापत्रक लिहूनच ठेवावं. ज्यांना सकाळी जमतच नाही, शिफ्टची कामं आहेत, पहाटेची गडबड आहे, त्यांनी रात्री झोपताना घेतली तरी चालते, जेवून तीन चार तास झालेले असले म्हणजे झालं. रोज एकाच पद्धतीने घेणं महत्त्वाचं. गोळीला ऊन, दमटपणा आणि उजेड सोसत नाही, ज्या डबीत बाटलीत आली त्यातच झाकण लावून ठेवा, गॅसजवळ किंवा बाथरूममधे नको.

सुरू केल्यावर कधी बरं वाटेल? टी४ शरीरात फार रेंगाळतं, निम्मं संपायलाच साधारण आठवडा लागतो. याचे दोन अर्थ होतात. एखादा दिवस विसरलात तर आभाळ कोसळत नाही. आणि डोस सुरू केला किंवा बदलला की रक्तातली पातळी एका जागी स्थिर व्हायला पाच सहा आठवडे जातात, मुकादमाचा आवाज तर त्याहूनही सावकाश खाली येतो. म्हणून पुढची टेस्ट ६ ते ८ आठवड्यांनी सांगतात. पंधरा दिवसात हौसेने टेस्ट करून 'अजून १४ च आहे, डोस वाढवा' म्हणून मागे लागलात आणि कोणी वाढवून दिला तर पुढच्या महिन्यात डोस जास्त होऊन बसतो, मग कमी करा, मग परत वाढवा, वर्षभर झोका चालू. थकवा आणि थंडी वाजणं दोन तीन आठवड्यात जरा हलकं होतं, पोट साफ व्हायला लागतं, त्वचा आणि केसांना मात्र काही महिने द्यावे लागतात. वजनाबद्दल कोणी खरं सांगत नाही म्हणून सांगते, थायरॉईडमुळे वाढलेलं वजन बहुतेक वेळा थोडकंच असतं आणि त्यातला मोठा भाग अंगात साठलेल्या पाण्याचा आणि क्षारांचा. ते उतरतं. पंधरा किलो वाढलेलं सगळं थायरॉईडच्या नावावर टाकून गोळीने उतरेल अशी वाट बघितली तर निराशा पदरी पडेल, आणि वजनासाठी म्हणून डोस स्वतःहून वाढवणं तर धोक्याचंच.

टेस्टच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्या. टीएसएचला लगेच फरक पडत नाही पण गोळी घेतल्यावर पुढचे काही तास फ्री टी४ थोडा वर जातो आणि उगाच डोस जास्त असल्यासारखं दिसतं. आणि आता एक रिपोर्ट असा की जो बघून अनुभवी डॉक्टर गालात हसतात, टीएसएच १९ आणि फ्री टी४ मात्र १.७, म्हणजे एकीकडे ओरडा आणि दुसरीकडे माल भरपूर. याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे दोन महिने गोळ्या चुकवल्या आणि टेस्ट जवळ आल्यावर आठवडाभर नेमाने घेतल्या, टी४ लगेच भरला पण टीएसएचने मागच्या दोन महिन्यांचा हिशोब दिला. लपवू नका, सांगून टाका, नाहीतर डॉक्टर डोस वाढवतील आणि तुम्ही नेमाने घ्यायला लागलात की तो जास्त होईल. खरोखरच रोज घेऊनही टीएसएच खाली येत नसेल तर मग शोषणाचा प्रश्न बघतात, अ‍ॅसिडिटीच्या रोजच्या गोळ्या, जठराचा जुना दाह, गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते तो सिलिअ‍ॅक आजार, यात गोळी नीट शोषली जात नाही. कंपनी बदलली असेल तरी सहा आठ आठवड्यांनी एकदा टेस्ट करून घ्यावी.

डोस जास्त झाला की टीएसएच ०.४ च्या खाली जातो. धडधड, हात थरथरणं, झोप न लागणं, घाम, चिडचिड, जुलाब, आणि हे कधीकधी जाणवतच नाही, पण वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर म्हातारपणी हृदयाचे ठोके अनियमित होण्याची आणि हाडं ठिसूळ होण्याची शक्यता वाढते, पाळी गेलेल्या बायकांत तर विशेष. 'टीएसएच जितका कमी तितकं चांगलं' हे डोक्यातून काढून टाका. रेंजमधे असला की पुरे, ३.२ चा १.२ करायला धावू नका. थायरॉईडचा कॅन्सर होऊन गेलेल्यांना मुद्दाम कमी ठेवतात, ती गोष्ट वेगळी.

गरोदरपण मात्र असा विषय आहे जिथे वर सांगितलेलं 'थांबा' लागू होत नाही. पहिले काही महिने बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते, ते आईच्याच टी४ वर वाढत असतं, मेंदूसकट. गोळी आधीपासून चालू असलेल्या बाईची गरज दिवस राहिल्याबरोबर साधारण २५ ते ३० टक्क्यांनी वाढते, म्हणून टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठायचं, बरेच डॉक्टर तर आठवड्याला दोन गोळ्या जादा घ्यायचं आधीच सांगून ठेवतात. गोळीवर असलेल्या बाईचा टीएसएच २.५ च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो आणि निम्मं गरोदरपण होईपर्यंत साधारण महिन्याला तपासतात. गोळीने बाळाला काही होईल या भीतीने ती बंद करणं ही यातली सगळ्यात मोठी चूक, दूध पाजताना पण ती सुरक्षितच असते. बाळंतपणानंतर डोस पहिल्यासारखा कमी करतात.

रिपोर्ट नॉर्मल आला, सहा महिने झाले, आणि तरी थकवा जात नाही असं म्हणणारे पण भेटतात आणि त्यांना उडवून लावणं बरोबर नाही. पण अशा वेळी थायरॉईडच्याच मागे लागण्यापेक्षा फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, साखर, झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं, मनाची अवस्था हे बघितलेलं बरं, हाशिमोटो असलेल्यांना बी१२ ची कमतरता आणि सिलिअ‍ॅक इतरांपेक्षा जास्त वेळा असतातच. टी४ च्या जोडीला टी३ ची गोळी काही डॉक्टर निवडक पेशंटना देऊन बघतात, सगळ्यांसाठी ती नाही. समुद्री शेवाळाच्या, आयोडीनच्या, 'थायरॉईड सपोर्ट' नावाच्या गोळ्यांपासून मात्र लांब राहा, हाशिमोटोत जादा आयोडीनने ग्रंथी आणखी बिघडू शकते.

आणि तो आयुष्यभराचा प्रश्न. बाळंतपणानंतर काही बायकांना जो थायरॉईडचा दाह होतो, किंवा व्हायरल तापानंतर गळा दुखून जो होतो, त्यात ग्रंथी बऱ्याचदा परत कामाला लागते आणि डॉक्टर काही महिन्यांनी गोळी कमी करून बघतात. हाशिमोटोत किंवा ऑपरेशनने ग्रंथी काढलेली असेल तर गोळी कायमची, रिपोर्ट नॉर्मल आहे तो गोळीमुळे आहे, बंद केली तर पहिले दोन आठवडे काहीच वाटणार नाही कारण साठा असतो, आणि महिना दीड महिन्याने सगळं हळूहळू परत येईल. डोस एकदा बसला की वर्षातून एक टेस्ट पुरते. मधेच करायची ती वजन बरंच वाढलं किंवा उतरलं तर, इस्ट्रोजेनच्या, फिट्सच्या किंवा टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या तर, दिवस राहिले तर, किंवा कारण नसताना धडधड सुरू झाली तर. छातीत दुखायला लागलं तर टेस्टची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.